चित्रातली अर्धी भिंत

आमची आई भूकंपात टिकणाऱ्या इमारतींची इंजिनीयर. तिच्यासमोर खांबांबद्दल तोंड उघडायची घरात कोणाची टाप नाही. बाबांनी तर तोंड न उघडताच पराक्रम केला.

ती साइटवरून परतली आणि घराखालच्या पार्किंगमध्ये तिच्या हातातली बॅगच गळून पडली. तिला ऑफिस करून द्यायचं म्हणून बाबांनी एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत कमरेएवढी भिंत बांधून घेतली होती. वर खिडक्यांसाठी जागा मोकळी.

“कोणी सांगितला हा उद्योग?” आई किंचाळली. “धक्का बसला की खांबाला पूर्ण उंचीभर डोलता आलं पाहिजे! ही भिंत त्याला कमरेशी आवळून धरणार, सगळा जोर वरच्या तुकड्यावर येणार आणि तो काडीसारखा मोडणार. घर अंगावर घ्यायचंय का तुम्हाला?”

बाबा गांगरले. “अगं, मनाचं काही केलं नाही. तुझ्याच पुस्तकातलं चित्र गवंड्याला दाखवलं.”

पुस्तक म्हणजे आईने इंजिनीयरांसाठी लिहिलेली मार्गदर्शिका. बाबांनी ते पान उघडून धरलं. पानभर, मापांसकट, अगदी सुबक काढलेली अर्धी भिंत. ‘असं कधीही बांधू नका’ ही ओळ मात्र पान उलटल्यावर.

मला हसू आवरेना. आईने ते पान उलटून पाहिलं, पुन्हा मागे उलटलं. मग पुस्तक घेऊन ती पायरीवर बसली.

“उद्याच्या उद्या पाडून टाकतो,” बाबा म्हणाले.

“ही पाडाल हो,” आई पुटपुटली. “पुस्तक गावोगाव गेलंय.”