मनकर्णाबाईंच्या घराचा फोटो

लग्न कुणाचंही असो, आमच्या गावात पोळ्यांना मनकर्णाबाईच. चुलीवर उपडा माठ, त्यावर हातभर लांब पोळी आणि ती झेलून टाकणाऱ्या या साठीच्या, ओंजळीएवढ्या बाई. तीनशे पाहुणे ढेकर देत उठले तरी त्या म्हणणार, "आज लोक कमीच जेवले." पुलगाव ते देवळी पट्ट्यात त्यांची पोळी न खाल्लेला जावई सापडणं कठीण.

लग्नं संपली की निंदण आणि कापूस वेचणं. राहायला कुडाचं घर. नवरा डोमाजी वारल्यापासून घराची एक भिंत बाहेर झुकलेली, टिनावर निळी ताडपत्री. पावसाळ्यात घरातले सगळे गंज-पातेली स्वयंपाक सोडून पाणी झेलत.

अशात घरकुलाचा सर्व्हे आला. देवळीहून विवेक नावाचे एक साहेब येतील, मोबाइलवर प्रत्येकाच्या घराचा फोटो काढतील आणि त्यावरून घरकुल कोणाला ते ठरेल, अशी दवंडी झाली. मनकर्णाबाईंच्या डोक्यात त्यातलं एवढंच शिरलं, की सरकारचा पाहुणा येतो आहे.

पाहुण्याला झुकलेल्या भिंतीशी बसवायचं? छे! शेजारच्या कमलाबाई बारशाला हिंगणघाटला गेल्या होत्या आणि त्यांच्या स्लॅबच्या घराची किल्ली बाईंकडे होती. बाईंनी विवेकला तिथल्या सोफ्यावर बसवलं, पंखा लावला, पोहे खाऊ घातले. "मावशी, घरासमोर उभ्या राहा," तो म्हणाला. बाई नवं लुगडं सावरून पोर्चमध्ये उभ्या राहिल्या. त्याच दिवशी दुमजली घराचे मालक धनंजयराव म्हशींच्या गोठ्यासमोर, चेहरा पाडून उभे राहिले.

ग्रामसभेत यादी वाचली गेली. धनंजयराव पात्र. मनकर्णाबाई, पक्कं घर, अपात्र.

बाईंनी मान खाली घातली. ती भिंत पुढचा पावसाळा काढणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं. पण उठून बोलायचं, तर आपलं घर कसं आहे ते साऱ्या गावासमोर सांगायचं. तीनशे माणसांना वाढणारी बाई, पण ते एक वाक्य तिच्या तोंडून निघेना.

सचिवांच्या मोबाइलवरचा फोटो पाहून कमलाबाईच उठल्या.

"थांबा जी! हा माह्या घराचा पोर्च होय! काय वो मनकर्णा, मी बारशाले काय गेली, तू मालकीणच होऊन बसली?"

सभा हसली. कमलाबाई थांबल्या नाहीत. "आन् हे धनंजयभाऊ? म्हशीसंग झोपते काय हे?"

धनंजयरावांना तेवढ्यात महत्त्वाचा फोन आला.

दोघांचीही फेरतपासणी ठरली, मुदत दुसऱ्या दिवसापर्यंत. सकाळीच विवेक हजर. मनकर्णाबाई दार अडवून उभ्या.

"अंदर काऊन येतं बापा? बाहेरूनच काढ ना फोटो."

"आतूनही लागते, मावशी."

"बसाले जागा नाई."

विवेक वाकून आत शिरला आणि खाली मांडी घालून बसला. "ही काय जागा. चहा टाका."

चहा उकळेपर्यंत त्याने फोटो काढायला घेतले, तर बाई लगबगीने झुकलेल्या भिंतीवर चादर टांगू लागल्या.

"अवो मावशी, ते झाकू नका! तेच तं दाखवाचं हाय."

बाईंचा हात थांबला. चादर हळूच खाली आली. भिंतीकडे न बघता त्या तिच्याशेजारी उभ्या राहिल्या आणि फोटो निघाला.

पुढच्या सभेत त्यांचं नाव पात्र यादीत आलं आणि गोठा बाद झाला. परतताना त्या कमलाबाईंना म्हणाल्या, "आता कागदावरच आलं वो, का मी गरीब हावो म्हणून."

"गावाले पहिलेच माहीत होतं," कमलाबाई म्हणाल्या. "बोलन कोण? साऱ्यायच्या पोटात तुह्याच पोळ्या."

मनकर्णाबाईंनी पदराने डोळे पुसले. पाया खोदलेला नाही, पहिला हप्ता आलेला नाही, पण घरी पोचेपर्यंत वाटेत भेटेल त्याला त्या सांगत होत्या, "घर झालं का जेवाले येजो. लेकरायलेबी आणजो."