पडक्या दाताचा पाना

दोघा भावांतल्या थोरल्याला सगळे दादाच म्हणत, आणि नळाच्या कामात दादाचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. त्याच्या पाइप-पान्याचा एक दात कधीचाच तुटलेला. नवा घे म्हटलं की म्हणायचा, "म्हाताऱ्या बापाचे दात पडले म्हणून कोणी बाप बदलतं का?"

खरंतर तो पानाही बापाचा आणि विद्याही बापाचीच. बापाने दोघा पोरांना धातूंची जातकुळी पढवली होती. "जस्त हळवं, ते आधी झिजतं. त्याच्या मागनं लोखंड. तांबं मात्र निगरगट्ट. तांबं आणि लोखंड पाण्यात गळ्यात गळा घालून बसवाल, तर तांब्याला काही होत नाही, लोखंडाचा मात्र बळी जातो. मध्ये पितळेचा तुकडा घाला. सोयरिकीत मध्यस्थ लागतोच."

आठ वर्षांपूर्वी आक्काच्या, म्हणजे थोरल्या बहिणीच्या घरी गरम पाण्याची टाकी बसवली, ती दोघांनी मिळून. गेल्या महिन्यात स्वयंपाकघराची भिंत पाझरली आणि गिलावा ओट्यावर येऊन पडला. दाजी तापले. आठ-दहा शेजारी जमले. त्या सगळ्यांसमोर दादा म्हणाला, "ह्या भिंतीत धाकट्याचा हात आहे. मी वरचं काम केलं होतं." धाकट्याने एकदा त्याच्याकडे पाहिलं, हत्यारं पिशवीत भरली आणि चालू लागला. तेव्हापासून तो कामावर आलेला नव्हता.

आज दादाने भिंत फोडली. टाकीची तांब्याची नळी सरळ लोखंडी सॉकेटमध्ये, म्हणजे जोडाच्या तुकड्यात, पिळलेली. मध्ये पितळ औषधालाही नव्हतं. तांबं पुसलं तर कोरं करकरीत. लोखंड मात्र आतून वाळवी लागल्यासारखं, बोट दाबलं तर भुगा. सॉकेटच्या पाठीवर पान्याचे दात उमटलेले. तीन खाचा, मग एक मोकळी जागा, मग पुन्हा दोन.

दादाने आपला पाना त्या खाचांवर ठेवून पाहिला; तुटका दात बरोबर मोकळ्या जागेवर आला. आता सगळं आठवलं. त्या दिवशी धाकटा म्हणाला होता, "पितळ आणतो, दादा. दुकान उघडं आहे." आणि हा म्हणाला होता, "गप रे, मोठा आलाय शास्त्र शिकवणारा."

"कुणाचं काम निघालं?" चहा घेऊन आलेल्या आक्काने विचारलं.

ते सॉकेट खिशात घालणं सोपं होतं. हात तिकडे गेलाही. "माझं," तो म्हणाला.

आक्काने कप ओट्यावर ठेवला. "मला काय सांगतोस? ज्याला बोललास त्याला सांग. आणि बोललास तेव्हा गल्ली गोळा झाली होती. आता कुजबुजू नकोस."

धाकटा दोन गल्ल्या पलीकडे राहायचा. पायरीवर बसून चपलेला खिळा ठोकत होता. शेजारची माणसंही बाहेरच होती. दादाने सॉकेट त्याच्यापुढे धरलं आणि मोठ्याने म्हणाला, "हे माझं काम आहे. तुझ्यावर ढकललं."

धाकट्याने मोकळ्या जागेवरून अंगठा फिरवला. "आज दिसलं होय? मला भिंत पाझरली तेव्हाच कळलं होतं."

"मग तोंडात काय दगड धरला होतास?"

"दाजींसमोर, आठ-दहा माणसांत, थोरल्या भावाला खोटं पाडू?"

समोरचा म्हातारा खाकरला. कोणीतरी हसलं. ते हसणं दादाने मुकाट्याने गिळलं.

"आता काय बसवणार आहेस तिथे?" धाकट्याने विचारलं.

"नवं सॉकेट."

"आणि मध्ये?"

दादाचा हात खांद्यावरच्या हत्यारांच्या पिशवीत गेला. पक्कड लागली, जोडाला गुंडाळायचा ताग लागला, करवतीचं पातं लागलं. पितळ आजही आणलं नव्हतं. त्याने हात बाहेर काढलाच नाही.

धाकटा उठला, घरात गेला आणि पितळेचा तुकडा आणून भावाच्या तळहातावर ठेवला.

"चल ना," दादा म्हणाला.

"तू जा. दोन्हीकडून नीट पिळ," धाकटा म्हणाला आणि पुन्हा चपलेशी बसला.