फ्यूजची तार

एका मंगळवारी हे गेले. तेराव्याला आले तेवढे पाहुणे परत गेले, आणि आज फ्यूज उडाला. फ्यूजची तार नेहमी हेच बांधायचे. मी टॉर्च धरत असे. आज टॉर्च शेजारच्या लताताईंच्या हातात होता. मेन स्विचकडे माझा हात जाईना.

“अहो, आधी चप्पल घाला!” त्या ओरडल्या. “मला एवढ्यात दुसरं तेरावं जेवायचं नाही.”

हे शाळेत विज्ञान शिकवायचे. सांगायचे, तारांच्या जोडावर जितका प्रवाह येतो तितकाच बाहेर पडतो. तिथे काही साचत नाही. मग ही धास्ती माझ्यातच कशी साचून राहिली?

मी स्विच बंद केला, तार बांधली, स्विच पुन्हा वर केला. दिवे लागले.

पायांत यांच्या रबरी चपला आहेत. मला सैल होतात.