साडूंच्या तक्त्यातली हिरवी पट्टी

माझ्या साडूंनी तक्त्यात बसवली नाही अशी गोष्ट या पृथ्वीतलावर शिल्लक नाही. गृहस्थाने हयातभर बांधकामांची वेळापत्रकं आखली. उभ्या रकान्यांत तारखा, आडव्या ओळींत कामं. ज्या कामाला एक दिवसही उशीर चालत नाही त्याला लाल पट्टी, सवड असेल त्याला हिरवी. ठीक आहे, साइटवर करा ना! पण यांनी थोरल्या मुलीच्या लग्नाचा तक्ता मांडवात डकवला. मंगलाष्टकं लाल, रुसवेफुगवे हिरवे. नवऱ्याचे मामा खरंच रुसले, तर हे तक्ता बघून शांतपणे म्हणाले, "रुसा की. साडेतीनपत्तुर सवड हाय." मामा इतके चक्रावले की निमूट पंगतीत जाऊन बसले.

होटगी रोडला मी घर बांधायला काढलं आणि त्यांच्या तावडीत सापडलो. तक्त्यातली पहिली ओळ पायाची नव्हती, नळाची होती! आमच्याकडे नळ चार-पाच दिवसांनी येतो, म्हणून स्लॅब पाण्याच्या पाळीच्या आदल्या दिवशीच पडला पाहिजे, असा हुकूम सुटला. "सिमेंट कवाबी मिळतंय पाव्हणं, नळ काय तुमच्या सासऱ्याचा न्हाय." अहो, सासरा तर त्यांचाही तोच!

स्लॅब पडला. वर आळी करून पाणी तुंबवलं. आता स्लॅब पक्का व्हायला एकवीस दिवस नुसतं पाणी धरायचं. मी सहज तक्ता न्याहाळला, तर त्या एकवीस दिवसांत एक बारीक हिरवी पट्टी. समोर लिहिलेलं, 'हृदयाचं ऑपरेशन'. मला वाटलं, कुणा गवंड्याचं असेल.

"आमचं हाय की," साडू म्हणाले.

मी हादरलोच. छातीत कळ घेऊन हा माणूस माझ्या स्लॅबवर दिवसभर उन्हात उभा होता! घरात कुणाला पत्ता नाही, मेहुणीलासुद्धा नाही. मी भर साइटवर ओरडलो, "अहो, याला हिरवी पट्टी? डोकं फिरलंय का तुमचं?"

"वरडू नगा. डॉक्टर म्हणले, म्हयन्याभरात कवाबी करा. म्हंजे सवड झाली की न्हाय?"

त्याखालची ओळ होती, स्लॅबखालचे टेकू काढण्याची. हजर राहणार म्हणून त्यांचं नाव, आणि शेजारी पेन्सिलीनं, बारीक अक्षरात, माझं. ते नसले तर मी, असा त्यांचा हिशेब!

त्याच दिवशी, तक्त्यातल्या तारखेच्या चार दिवस आधी, मी त्यांना रिक्षात कोंबून दवाखान्यात नेलं. वाटेभर कुरकुरत होते. ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न, "पाणी धरलंय न्हवं?" धरलं होतं. जन्मात कुंडीला पाणी न घातलेला मी, एकवीस दिवस सकाळ-संध्याकाळ स्लॅबवर होतो.

टेकू काढायच्या दिवशी साडू आले, मेहुणीचा हात धरून, निम्मे झालेले. खाली उभं राहून वर बघितलं. "ब्येस झालंय," म्हणाले. मग खिशातून खोडरबर काढून माझं नाव पुसायला लागले. नीट पुसलंही गेलं नाही. मला रडू आवरेना.

घरात राहायला येऊन वर्ष झालं. तक्ता अजून माझ्या कपाटात आहे. साडू आले की विचारतात, "रद्दीत घातला न्हाय व्हय अजून?"

मी म्हणतो, "कुठली सवड!"