पाच नंबरचे छर्रे

माझी मुलगी अमेरिकेत जन्मली, पक्ष्यांवर संशोधन करते आणि सुट्टीत त्यांचीच शिकार करते. हे एकत्र कसं नांदतं, हे विचारायची माझी हिंमत नाही. पण या सप्टेंबरात, होल्यांच्या शिकारीचा हंगाम आला तेव्हा, ती म्हणाली, "बाबा, डव्ह सीझन सुरू होतोय. यू वाँट टू कम?" कॉलेजला गेल्यापासून तिने मला कुठे बोलावलं नव्हतं. बोलावल्याचा तिला पश्चात्ताप होऊ द्यायचा नाही, एवढं मी ठरवलं.

मला द्यायची बंदूक बारीक नळीची. काडतुसं मी आणतो म्हटल्यावर तिने बजावलं, "लाइट लोड, एट शॉट. दॅट्स ऑल." म्हणजे हलकी काडतुसं, आठ नंबरच्या छर्ऱ्यांची; छर्ऱ्याचा नंबर जितका मोठा तितका छर्रा बारीक.

आम्ही राहतो त्या अर्विंगमधल्या शनिवारच्या मराठी कंपूत मी विषय काढला. तिथे एकानेही जन्मात बंदूक धरली नव्हती, त्यामुळे प्रत्येकाला ठाम मत होतं.

"यार, बंदूक लहान तर छर्रा मोठा घे. कॉम्पेन्सेट कर ना!" नागपूरचा मित्र म्हणाला. अंड्यालाही न शिवणाऱ्या पुणेकराने 'सेफ्टी मार्जिन' सांगून अनुमोदन दिलं. मी दुकानातली सगळ्यात जड, पाच नंबरची काडतुसं आणली.

सूर्यफुलांच्या शेताकडेला बसून मी बार काढत राहिलो. खांदा सुजला. बारीक नळीच्या काडतुसात जाड छर्रे मावणार किती? त्यांच्यामधल्या फटींतून होले खुशाल निघून जात होते. मी वाऱ्याला दोष दिला, मग उन्हाला.

अखेर एक पडला. पंख मोडून गवतात तडफडू लागला. मुलगी धावली, त्याची मान पिरगळली आणि माझं काडतूस काढून बघितलं.

"मी जरा ऑप्टिमाइझ केलं," मी म्हणालो.

"बाबा, बारीक छर्रे पुष्कळ लागले की तो लगेच मरतो. दॅट्स द होल पॉइंट." तिचा आवाज कापत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता ही मला घरी सोडणार, अशी माझी खात्री झाली.

तिने खिशातून आठ नंबरचं काडतूस काढून माझ्या हातावर ठेवलं. "लेट हिम कम क्लोज."

होला जवळ आला. मी बार काढला. तो पडला आणि हलला नाही.

"गुड, बाबा," ती म्हणाली.

मला रडू आलं. होल्यासाठी की तिच्यासाठी, हे मला अजून सांगता येत नाही.