नंतरचा फोटो

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी मावशींचे सांगतो. त्या माझ्या नात्यातल्या नाहीत. कॉलेजात असताना ज्यांच्या माडीवरच्या खोलीत मी राहिलो, त्या घरमालकीण. आईवडिलांनी मला शाळेत घातलं, पण पदवी म्हणजे नक्की काय आणि ती मिळवायला किती वर्षं लागतात, हे आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. तसं ते मावशींनाही ठाऊक नव्हतं. तरी "पोर वाचतंय" म्हणून परीक्षेच्या दिवसांत त्या खालचा टीव्ही बंद ठेवायच्या, नातवंडांना अंगणात हाकलायच्या आणि माझ्या वाटणीची तांदळाची भाकरी टोपलीत झाकून ठेवायच्या. मी पदवीधर झालो त्यात त्या भाकरीचा वाटा कॉलेजच्या ग्रंथालयाहून मोठा आहे.

मी देशावरच्या एका तालुक्याच्या गावातून बारावी होऊन इकडे आलेलो. कॉलेज ठाण्यात आणि खोली खाडीच्या अंगाच्या एका जुन्या आगरी गावठाणात, कारण ती परवडणारी होती. गावठाणाचं नाव लिहीत नाही, आणि आज ज्या महापालिकेत नोकरी करतो तिचंही नाही. मावशींच्या घरची शेतं आणि मिठागरं कधीच गेली होती. त्या जागी आता टॉवर उभे आहेत आणि त्यांची सावली संध्याकाळी गावठाणावर पडते. पहिल्या दिवशी मी त्यांना "तुम्ही" म्हणालो तेव्हा त्यांनी मागे वळून पाहिलं. "तुमी? माझ्या मागं आनखी कोन उभं हाय?" सगळं घर हसलं. मी मात्र "तुम्ही" सोडू शकलो नाही. आमच्याकडे मोठ्यांना असंच म्हणतात.

गल्लीच्या मध्यावर एक विहीर होती. तिकडे विहिरीला बाव म्हणतात. नळ घरोघरी होते, पण धुणं, भांडी, अंघोळ बावीच्या पाण्यावर चालायची, आणि पाणीपुरवठा बंद असेल त्या दिवशी तेच पाणी उकळून प्यायचे. अक्षय्य तृतीयेच्या आधी, पाणी तळाला गेलं की, बाव उपसायची. हे काम कुणी वाटून दिलेलं नव्हतं, तरी ते चुकत नसे. पुरुष दोराने खाली उतरत, बायका गाळाची घमेली वर ओढत आणि तो गाळ परसातल्या वाफ्यांना जाई. बावीत एक म्हातारं कासव होतं. त्या दिवसापुरता त्याचा मुक्काम मावशींच्या अंघोळीच्या बादलीत असे. भाडेकरूंनाही सुट्टी नव्हती. पहिल्या वर्षी मी परीक्षेचं कारण सांगितलं, तर मावशी म्हणाल्या, "बुकं कुटं पलून जात नाय. बाव वर्षातून एकदाच रिकामी होते. उतर खाली." मी उतरलो. खालून वर पाहिलं तर आभाळाचा गोल तुकडा आणि त्यात वाकलेली गल्लीतली सगळी तोंडं दिसत होती. पर्यावरण हा विषय मी पुढे पदव्युत्तरला घेतला. का घेतला असं मुलाखतीत विचारलं, तेव्हा मी पुस्तकातलं उत्तर दिलं. खरं उत्तर हे होतं.

शिक्षण संपल्यावर मला, गावठाण जिच्या हद्दीत येतं त्याच महापालिकेच्या पर्यावरण कक्षात कंत्राटी नोकरी लागली. मी डोंबिवलीत मानपाड्याला खोली घेतली. मावशींनी गल्लीभर सांगितलं, "आपला पोर सायेब झालाय." मी भेटायला गेलो की लोक गटारांच्या तक्रारी घेऊन यायचे. मी म्हणायचो, गटार माझ्याकडे नाही. एक काका म्हणाले, "मंग तुज्याकरं काय हाय?" मावशी मध्ये पडल्या. "त्याच्याकरं झारं हायत, पानी हाय, हवा हाय." काका म्हणाले, "म्हंजे जे आपल्याकरं नाय, ते सगलं त्याच्याकरं हाय."

आमच्या कक्षाचं मुख्य काम म्हणजे शहराचा वार्षिक पर्यावरण आराखडा. शहरात झाडं, पाणी, हवा कशी आहे, ती कोण सांभाळतं आणि पुढच्या वर्षी महापालिका त्यासाठी काय करणार, हे त्यात यायला हवं, अशी माझी समजूत होती. त्या समजुतीनेच मी सुट्टीच्या दिवशीसुद्धा फिरून जुन्या विहिरी आणि तळ्यांची यादी केली. प्रत्येकाचा फोटो काढला आणि एक रकाना मुद्दाम घातला: देखभाल कोण करतं. मावशींच्या बावीपुढे लिहिलं, "गल्लीतले रहिवासी, दरवर्षी." फोटो चांगला आला होता. पाणी स्वच्छ होतं, तळाचा खडक दिसत होता आणि एका कोपऱ्यात पालथ्या वाटीसारखी कासवाची पाठ होती. खाली मी शिफारस केली: ही विहीर आहे तशी राहू द्यावी, शेजारच्या टॉवरचं सांडपाणी तिच्याकडे येऊ नये एवढं पाहावं, आणि उपशाच्या दिवशी महापालिकेने एक पंप द्यावा.

बैठकीला आमचे साहेब, म्हणजे वरिष्ठ अभियंता, होते आणि आराखडा लिहायला नेमलेले सल्लागार. आराखडा राज्यपातळीवरच्या स्पर्धेला जातो आणि प्रत्येक बाबीला गुण असतात, हे मला तिथे नीट कळलं. सल्लागारांनी माझा तक्ता पडद्यावर लावला आणि म्हणाले, "हा देखभालीचा कॉलम काढून टाका. याला मार्क नाहीत."

"मग मार्क कशाला आहेत?" मी विचारलं.

"सुधारणेला. आधीचा फोटो, नंतरचा फोटो. मधला फरक म्हणजे मार्क."

मी म्हणालो, "पण सर, जी विहीर लोकांनी खराबच होऊ दिली नाही, तिच्यात फरक कुठून दिसणार?"

साहेब हसले. मनाने ते वाईट नाहीत, निदान तेव्हा मला तसं वाटत होतं. "तुझी विहीर फर्स्ट क्लास आहे रे. फर्स्ट क्लासवाल्याला ग्रेस मार्क कोण देतं?"

सगळे हसले. मीही थोडा हसलो, कारण मला वाटलं, चला, विहीर यादीतून सुटली.

ती सुटली नाही. पुनरुज्जीवनासाठी एक विहीर निवडायची ठरली तेव्हा शहरात नावापत्त्यासकट, फोटोसकट यादी एकच होती, माझी. बाजारामागची एक विहीर कचऱ्याने काठोकाठ भरलेली होती. मी तिचं नाव सुचवलं. साहेब म्हणाले, "तिथे परीक्षक गाडीतून उतरणार नाहीत, वास येतो. आणि ती खरंच साफ करायची म्हटली तर वर्ष जाईल." मावशींच्या बावीपर्यंत गाडी जात होती, फलक लावायला जागा होती आणि पाणी आधीच चांगलं होतं. अडचण एकच होती, ती म्हणजे आधीचा फोटो.

पुढे एका दुपारी मी ऑफिसात होतो, तेव्हा मावशींचा फोन आला. त्या ओरडत होत्या. "अरे, तुजी मानसं आलीन! बावीत कचरा टाकतान!"

"माझी माणसं?"

"टेंपोवं तुज्या हापिसाचा बोर्ड हाय. मी वाचला ना."

मी रिक्षाने निघालो. पोचलो तेव्हा फोटो काढून झाला होता. फुटक्या फरश्या, सिमेंटच्या गोण्या आणि निर्माल्याच्या कलशांतून गोळा केलेली कुजकी फुलं, हार, नारळ, सगळं पाण्यावर आणि पाण्याखाली. कंत्राटदाराचा मुकादम शांतपणे मावशींची समजूत घालत होता. "मावशी, टेन्शन नका घेऊ. फक्त फोटो काढायचाय. उद्या सगळं काढून टाकू, एकदम चकाचक."

"तुज्या घरच्या पिपात टाक आधी! त्याचा फोटो कार! मंग माज्याकरं ये!"

मुकादम मला म्हणाला, "सर, तुम्हीच सांगा यांना. यांच्याच भल्याचं काम आहे."

मी बाजूला झालो. साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, "वर्क ऑर्डर निघाली आहे. भावनिक होऊ नकोस." मी दुसऱ्या दिवशी लेखी हरकत दिली. ती फाइलला लागली. कुठल्या फाइलला, ते मला आजवर सापडलेलं नाही.

कंत्राटदाराच्या माणसांनी वरवरचं काढलं. तरंगणारं सगळं निघालं, पण फरश्या, सिमेंट आणि कुजका गाळ तळाशी गेला. लोक म्हणाले, आम्ही उतरतो, उपसतो. मुकादम म्हणाला, साइट चालू आहे, कुणी पडलं तर जबाबदार कोण? मग भोवती फरसबंदी झाली, कठड्याला निळा रंग लागला, त्यावर मासे काढले गेले आणि तोंडावर लोखंडी जाळी आली, जाळीला कुलूप. चावी प्रभाग कार्यालयात. फलकावर लिहिलं, "पारंपरिक जलस्रोताचे पुनरुज्जीवन." खाली पाणी काळपट हिरवं होतं आणि त्यावर साय धरली होती.

परीक्षक यायच्या दिवशी मावशींना नवं लुगडं नेसून, डोक्यावर हंडा घेऊन उभं राहायला सांगितलं. त्या राहिल्या, कारण मी तिथे नोकरीला होतो. परीक्षकांनी हसून विचारलं, "काय आजी, खूश ना आता?"

मावशी म्हणाल्या, "सायेब, जाली हाय. पानी वर कसं घ्यायचं?"

सगळे मोठ्याने हसले. साहेब म्हणाले, "आजी भारी विनोदी आहेत." परीक्षकांनी कागदावर लिहिलं, लोकसहभाग चांगला. मी त्यांच्या मागेच उभा होतो, म्हणून मला ते दिसलं. मावशी हसल्या नव्हत्या. हंडा रिकामाच होता; तो डोक्यावरून उतरवून घ्यायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. मी तो उतरवला.

आता नंतरचा फोटो राहिला होता. सल्लागार म्हणाले, या पाण्याचा फोटो पाठवता येणार नाही. साहेबांनी माझ्या यादीचं फोल्डर उघडलं आणि तो पहिला फोटो पडद्यावर आणला. "हा काय, सुंदर आहे की."

"सर, हा आधीचा आहे. कामाच्याही आधीचा."

"आधीचा काय, नंतरचा काय, विहीर तीच ना?"

खोलीत कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. फोटोंची अदलाबदल झाली. शहराला पुरस्कार मिळाला. आमच्या सगळ्यांचा एकत्र फोटो निघाला. त्यात मी शेवटच्या रांगेत आहे.

यंदा अक्षय्य तृतीया जवळ आली तेव्हा गल्लीने रीतसर अर्ज दिला: उपशासाठी जाळी काढून द्यावी. मावशींनी सगळ्यात आधी सही केली, अंगठा नाही. चौथीपर्यंत शिकल्या आहेत. अर्ज घेऊन मी स्वतः साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, "जाळी काढली तर आत काय दिसेल, ते तुलाच माहीत आहे. काम टिकलंय का ते तपासायला स्पर्धेची माणसं पुन्हा येणार आहेत. सुस्थितीत आहे असं लिहून टाक." मी म्हणालो, ते माझ्या सहीने जाणार नाही. "मग दुसऱ्याच्या सहीने जाईल," ते म्हणाले, आणि त्यांना रागसुद्धा आला नाही.

मावशींचा फोन आला. "काय झाला रे आपल्या बावीचा? तू हायस ना तिथं?" मी सांगायला सुरुवात केली. त्या म्हणाल्या, "फोनवं नको सांगू. कागदावं लिव. फोनवरचा मानूस मागनं नाय म्हनतो." मी लिहिलं. ते असं:

मावशी,

नमस्कार करतो. तुम्हाला स्वतःला वाचता यावं म्हणून अक्षरं मोठी काढली आहेत. नातीकडून वाचून घेऊ नका, तिला उगीच राग येईल.

तुमच्या अर्जाचं उत्तर ऑफिसातून वेगळं येईल. त्यात लिहिलेलं असेल की विहीर सुस्थितीत आहे, म्हणून उपशाची गरज नाही. ते वाचून आपली बाव बरी आहे असं समजू नका. त्याचा अर्थ एवढाच की ते जाळी काढणार नाहीत. या वर्षी नाही, आणि मला वाटतं पुढच्या वर्षीही नाही. त्या कागदावर माझी सही नाही. पण सही नसल्याने तुम्हाला काही मिळणार नाही, हे मला कळतं.

तू आहेस ना तिथे, असं तुम्ही म्हणता. मी आहे. माझ्या असण्याचा उपयोग एवढा झाला की बाव त्यांना सापडली. मी ती यादीत लिहिली नसती तर तुम्ही आजही तिचं पाणी काढत असता. ती तुम्ही सगळ्यांनी सांभाळली, हेही मी लिहिलं होतं. तेवढंच त्यांनी काढून टाकलं.

त्या पाण्याने भांडीसुद्धा घासू नका. जाळीतून बाटली सोडून मी पाणी काढलं आणि कॉलेजातल्या सरांकडून तपासून घेतलं. ते वापरण्यासारखं नाही. नळ बंद असेल त्या दिवशी टँकर मागवा. माझं नाव सांगू नका. हरकत दिल्यापासून माझ्या नावाने काही लवकर येत नाही.

कासवाचं तुम्ही विचारलं होतं. मी जाळीवर आडवा पडून बराच वेळ पाहिलं. दिसलं नाही. आमच्या ऑफिसात दुसऱ्या मजल्यावर, लिफ्टच्या शेजारी, पुरस्काराचे दोन फोटो काचेत लावले आहेत. एकाखाली "आधी" आणि दुसऱ्याखाली "नंतर" लिहिलं आहे. नंतरच्या फोटोत, उजव्या कोपऱ्यात, आपलं कासव आहे. पाणीही तुमच्या हातचंच आहे. कधी पाहायचं असेल तर या, मी खाली गेटवर येईन. आत यायला पास काढावा लागतो, तो मी काढून ठेवीन.

तुमच्या माडीवरचा पोर