नवस नसलेली पंगत

ती बाई तीनचाकी सायकल हाताने चालवत ठाण्याच्या आवारात शिरली, ती सकाळ मी अजून विसरलेलो नाही. तेव्हा मी सातपुड्याच्या पायथ्याशी, संग्रामपूरच्या बाजूला ठाणेदार होतो. हजेरी नुकतीच आटोपली होती. आमच्या जुन्या हवालदारांनी तिला विचारलं, काय तक्रार आहे? ती शांतपणे म्हणाली, "माही नोकरी हरवली हाये. शोधून द्या."

हवालदारांना हसू आलं. मीही आधी थट्टाच समजलो. पण तिला सावलीत घेऊन ऐकून घेतलं, तेव्हा हसू पळालं. लहानपणी पोलिओने तिचे दोन्ही पाय गेलेले. शिवणकाम शिकलेली, हात चांगला. गावात दुकान टाकायला म्हणून तिने सरकारी मदतीने मिळणाऱ्या मशीनसाठी अर्ज केला. तिथे उत्तर मिळालं की तुम्हाला आधीच रोजगार मिळालाय, दुसऱ्यांदा लाभ देता येत नाही. तालुक्यातल्या एका संस्थेने दिव्यांगांना काम देण्यासाठी शिवणकेंद्र काढलं होतं, त्याला सरकारचं अनुदान होतं आणि तिथल्या कामगारांत हिचं नाव होतं. बाईने त्या केंद्राचं दार ओलांडून कधी एक टाका घातलेला नव्हता.

तिचा तक्रारअर्ज घेतला, स्टेशन डायरीला नोंद केली आणि दोन पंच सोबत घेऊन केंद्रावर गेलो. पत्र्याची मोठी शेड, बाहेर रंगवलेला फलक, आत ओळीने मांडलेल्या कोऱ्या मशिनी. माझी आई घरी शिवायची, त्यामुळे माझी नजर आपोआप जमिनीवर गेली. शिवणकाम चालतं तिथे चिंध्या असतात, दोऱ्याचे तुकडे असतात, केरसुणीने कितीही झाडा, कोपऱ्यात काहीतरी राहतंच. इथे फरशी लख्ख. त्यात सगळ्या मशिनी पायाने चालवायच्या! ज्यांचे पाय चालत नाहीत त्यांच्यासाठी पायमशिनी घेणारा माणूस एक तर मूर्ख असतो, नाहीतर त्याला त्या कधी चालवायच्याच नसतात. मागच्या अंगणात मात्र गोवऱ्या जाळल्याचे काळे गोल डाग दिसत होते. शिवणकेंद्रात गोवऱ्या कशाला, हे काही लक्षात येईना.

त्याचा उलगडा हवालदारांनी केला. हा माणूस ठाण्यात कमी आणि चहाच्या टपरीवर जास्त दिसायचा, मी त्यावरून त्यांना बोलायचोही. पण अर्धं ठाणं त्या टपरीवरच चालायचं हे मला मनातून ठाऊक होतं. एका काळी-पिवळीवाल्याने त्यांना सांगितलं की तपासणी यायची असली की संस्थेचे अध्यक्ष त्याची गाडी ठरवतात आणि गावोगावच्या अपंगांना रोडगे खायला घेऊन येतात.

आमच्या वऱ्हाडात नवस फेडायला रोडग्यांची पंगत घालतात. गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले कणकेचे जाड रोडगे आणि वांग्याची झणझणीत भाजी. बोलावणं आलं की माणूस उठतो आणि जातो, कोणाचा नवस, कशाचा नवस, असं विचारत बसत नाही. अध्यक्षांनी नेमका याचाच फायदा घेतला होता. जेवण झालं की सगळ्यांना आत नेऊन मशिनीपुढे बसवायचं, फोटो काढायचा, जाताना टॉवेल नाहीतर ब्लाउजपीस द्यायचं आणि ते मिळाल्याची म्हणून सही घ्यायची. ती सही प्रत्यक्षात पडायची केंद्राच्या पगारपत्रकावर. आमची बाईही अशीच एकदा जेवून, फोटो काढून गेली होती.

रोडगे करणाऱ्या म्हाताऱ्याला बोलावलं. तो घाबरलेला होता. चहा पाजला तेव्हा कुठे बोलायला लागला. म्हणाला, पहिला रोडगा मी नेहमीसारखा नैवेद्याला बाजूला काढला, तर अध्यक्ष म्हणाले राहू दे.

"म्या इचारलं, देव कोनता? तर म्हने, साहेब लोक येऊन राह्यले, थेच देव."

त्याचा जबाब नोंदवला आणि रीतसर फिर्याद घेऊन गुन्हा दाखल केला.

अध्यक्ष चौकशीला आले ते पांढरेशुभ्र कपडे घालून, न सांगता खुर्ची ओढून बसले. आपण कोणाकोणाला ओळखतो, हे त्यांनी आधी ऐकवलं. मी ऐकून घेतलं. अशा माणसाला बोलू द्यावं, अडवू नये. मग सहज विचारलं की केंद्रात आज कामगार दिसले नाहीत ते? आमच्याकडे कापणीच्या दिवसांत कोणी कामावर नसलं की जे कारण आपसूक तोंडात येतं, तेच त्यांच्या तोंडातून निघालं. "सोयाबीन सोंगायला गेले असतील."

हवालदारांनी हसू लपवायला खिडकीकडे तोंड फिरवलं. अध्यक्षांना स्वतःचं वाक्य कळायला थोडा वेळ लागला, मग त्यांनी पाणी मागितलं. त्यानंतर त्यांनी फार ताणलं नाही.

पण खरा कस पुढेच लागला. अध्यक्षांच्या माणसांनी त्या बाईचं घर गाठलं. सही तुझीही आहे, टॉवेल-ब्लाउजपीस तूही घेतलंस, तूही आत जाशील, अशी धमकी दिली. वडील हादरले. दुसऱ्या दिवशी बापलेक ठाण्यात आले, वडील हात जोडून तक्रार मागे घेतो म्हणाले. फसवून घेतलेल्या सहीने कोणी आरोपी होत नाही, ती साक्षीदार आहे, हे मी समजावत होतो. त्यांना ते पटेना. तेवढ्यात ती बोलली.

"आत गेली तरी चालंन मले. पन माहं नाव थ्या केंद्रातून काढून द्या. थ्या नावावरच मले मशीन भेटनार हाये."

मला फार भरून आलं. ठाण्यात तसं दाखवता येत नाही, म्हणून मी हवालदारांवर उगाच खेकसलो की चहा का नाही आला अजून.

तिने साक्ष दिली. प्रकरण न्यायालयात रखडायचं तेवढं रखडलं, पण तपासाच्या आधारावर तिचं नाव केंद्रातून कमी झालं आणि तिला हाताने चालणारी मशीन मंजूर झाली. माझी बदली झाली. पुढे निवृत्तही झालो. ते हवालदार आता नाहीत. त्यांची टपरी आणि त्यांच्या बातम्या मला फार आठवतात.

मध्यंतरी त्या बाजूला लग्नाला गेलो होतो, वाकडी वाट करून तिच्या गावी उतरलो. रस्त्याला लागून छोटंसं दुकान, आतबाहेर बायकांची गर्दी. तिने मला ओळखलं, चेहरा फुलला. मला वाटलं, आता हातातलं काम सोडून चहापाणी होईल. ती म्हणाली, "बसा साहेब, थांबा जरा. ह्या बाया पयल्या आल्या हायेत."

जन्मभर ज्या बाईला प्रत्येक टेबलामागच्या माणसाने थांबा म्हटलं, ती आता मला थांबवत होती. अनुदान कशासाठी असतं, हे मला कुठल्याही शासननिर्णयापेक्षा तिथे जास्त कळलं. नोकरीत असताना कोणी असं ताटकळत ठेवलं असतं तर मी चिडलो असतो. त्या दिवशी गाडीवाला हॉर्न वाजवत राहिला आणि मी बाकावर खुशाल बसून राहिलो, माझा नंबर येईपर्यंत.